अफू-गर्दच्या व्यसनावर गोळी आहे. पण ती गावापर्यंत पोचणार कशी?

कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप, ट्रामाडॉलच्या कॅप्सूल, अफू, गर्द. नावं वेगळी, पण जात एकच. शरीराला एकदा सवय लागली की माणूस मजेसाठी नशा करत नाही, त्रास होऊ नये म्हणून करतो. एक दिवस माल मिळाला नाही तर हाडं ठणकतात, नाका-डोळ्यांतून पाणी गळतं, जुलाब लागतात, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. घरचे म्हणतात, "मनावर घे, सुटेल." देवाची शपथ घालतात. पंधरा दिवसांनी गडी परत तिथंच. यात मनाच्या कमजोरीपेक्षा मेंदूत झालेल्या बदलाचा वाटा मोठा असतो.

गोळी काय करते?

या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी आहे. ती गिळायची नसते, जिभेखाली धरून विरघळू द्यायची असते. तिच्यामुळे अंगदुखी आणि तलफ थांबते, पण गर्दसारखी किक बसत नाही. माणूस शेतात जाऊ शकतो, कामधंदा करू शकतो. गोळीचं पाणी करून कुणी सुईने टोचू नये म्हणून तिच्यात बहुतेक वेळा नॅलॉक्सोन मिसळलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्येच ब्युप्रेनॉर्फिनला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

"म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरायची का?" असं अनेकजण विचारतात. बीपी-शुगरची गोळी जशी रोज घेतात, तशीच ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने, कधी काही वर्षं घ्यावी लागते. मधेच सोडणं जास्त धोक्याचं. काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग जुनाच डोस परत घेतला तर तो झेपत नाही, श्वास थांबून जीव जातो.

एक लक्षात ठेवा. ही गोळी दारू, गांजा किंवा झोपेच्या 'बटन' गोळ्यांच्या व्यसनावर चालत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत घेतली तर जिवावर बेतू शकतं.

मग अडतं कुठं?

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेला देशव्यापी सर्व्हे 2019 मध्ये आला. त्यानुसार या प्रकारच्या नशेमुळे मदतीची गरज असलेले सुमारे 77 लाख लोक देशात आहेत. त्यातले निम्म्याहून जास्त मोजक्या राज्यांत आहेत आणि त्या यादीत महाराष्ट्रही आहे.

ही गोळी गावच्या मेडिकलवर मिळत नाही. व्यसनमुक्ती केंद्र किंवा ठरावीक दवाखान्यातच मिळते. गैरवापर होऊ नये म्हणून नियम कडक आहेत आणि त्याला कारणही आहे. पण रोज पन्नास किलोमीटर जाऊन नर्ससमोर गोळी खायची म्हटलं तर एसटीचं भाडं जातं आणि रोजंदारीही बुडते. आठवड्यात माणूस जायचं बंद करतो. औषध असून उपयोग होत नाही.

पंजाबने काय केलं?

पंजाब सरकारने ऑक्टोबर 2017 पासून बाह्यरुग्ण केंद्रं सुरू केली. ॲडमिट व्हायची गरज नाही, यायचं, गोळी घ्यायची, कामावर जायचं. पुढे अशी केंद्रं वाढत पाचशेच्या वर गेली. सुरुवातीला रोज हजेरी लागायची. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये स्थिर झालेल्या रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला मुभा मिळाली. गोळी बाहेर विकली जाण्याची तक्रार तिथंही झाली, त्यावर नोंदणीचा मार्ग काढला गेला.

फ्रान्सने तर 1995 मध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ही गोळी लिहून द्यायची परवानगी दिली. चार वर्षांत तिथं नशेच्या अतिडोसाने होणारे मृत्यू सुमारे 80 टक्क्यांनी घटले. गोळी तीच होती. बदलला तो नियम.

पोलीस पकडतील का?

ही भीती घराघरात आहे. अमली पदार्थविरोधी कायद्यात (1985) कलम 64-अ आहे. फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. मानसिक आरोग्य कायदा 2017 व्यसनालाही लागू आहे. रुग्णाला साखळदंडाने बांधणं त्यात बेकायदेशीर आहे आणि त्याची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. कुठलं केंद्र कोंडून, मारून नशा सोडवतो म्हणत असेल, तर तिथं पोराला घालू नका.

काय करता येईल?

• 14446 हा केंद्र सरकारचा नशामुक्ती हेल्पलाइन नंबर, फोन फुकट लागतो. जवळचं केंद्र विचारून घ्या. मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा नंबर 14416.

• जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. ही गोळी तिथं मिळते का, नसेल तर कुठं पाठवतात, हे स्पष्ट विचारा.

• नशा चालू असताना स्वतःच्या मनाने पहिली गोळी घेऊ नका. त्रास एकदम वाढतो. वेळ डॉक्टरच ठरवतात.

• ग्रामसभेत ठराव घ्या: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मानसोपचार डॉक्टर यावा, ही गोळी तिथंच मिळावी आणि स्थिर रुग्णाला आठवड्याच्या गोळ्या घरी न्यायला मिळाव्यात. ठरावाची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.