शॉकअपच्या पोटात

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या मोटारसायकलींवर लिहा, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. इंजिनावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत टूलरूममधून निवृत्त झालेले एक कारागीर राहतात आणि लडाखला निघालेली ओळखीतली मुलं त्यांच्याकडून पुढचे शॉकअप सुधारून घेतात, असं कानावर होतं. मी तिकडे गेलो. काकांनी दोन अटी घातल्या. नाव छापायचं नाही, आणि हात चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत.

पार्किंगच्या कोपऱ्यात हिमालयन ४११ उभी होती. तिची मालकीण काकांच्या मित्राची मुलगी, बँकेत नोकरीला. जूनमध्ये लडाखची खारदुंग ला ही खिंड चढायचा तिचा बेत. तिच्या तक्रारी दोन होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. वरंधा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, म्हणजे शॉकअप मऊ. त्याच रस्त्यावर पुढचं चाक एखाद्या तुटक्या कडेच्या खड्ड्यातून गेलं की मनगटापासून खांद्यापर्यंत हादरा बसतो, म्हणजे शॉकअप कडक. एका गॅरेजवाल्याने यावर जाड ऑइल भरून दिलं होतं. त्याने खड्डे आणखी लागायला लागले.

एकच नळी एकाच वेळी मऊ आणि कडक कशी असू शकते, या कोड्यासाठी मी तिथे पुन्हा पुन्हा जात राहिलो.

इतिहास थोडक्यात सांगतो. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, आत स्प्रिंग आणि तेल, ही पुढच्या शॉकअपची, म्हणजे फोर्कची, रचना १९३०च्या दशकातली. डेन्मार्कच्या निंबस गाडीला १९३४मध्ये सरकत्या नळ्यांचे फोर्क आले. बीएमडब्ल्यूने १९३५मध्ये आर-१२ आणि आर-१७ या गाड्यांवर तेलाने धक्का शोषणारे टेलिस्कोपिक फोर्क बसवले. आपल्या लष्कराने बुलेट निवडली आणि १९५५मध्ये मद्रासला ती जोडायला सुरुवात झाली, तेव्हा तिच्यासोबत हेच फोर्क आले. आज महाराष्ट्र या नळ्यांचं मोठं घर आहे. वाळूजची एन्ड्युरन्स आणि १९६१मध्ये मुलुंडला सुरू झालेली गॅब्रिएल, दोन्ही इथल्याच. साध्या गाड्यांच्या फोर्कचा आतला गाभा मात्र नव्वद वर्षांत फारसा बदललेला नाही.

तो गाभा काकांनी माझ्या हातात दिला. जेमतेम अंगठ्याएवढी जाड, पोकळ पोलादी कांडी आणि तिला खालच्या बाजूला काही छिद्रं. हिला डॅम्पिंग रॉड म्हणतात. चाक वर आलं की तेल या छिद्रांतून ढकललं जातं आणि त्या अडवणुकीत धक्क्याचा जोर उष्णता होऊन संपतो. कोडं इथेच सुटतं. छिद्रातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. नळी दुप्पट वेगाने दबली तर विरोध चौपट, तिप्पट वेगाने दबली तर नऊपट. ब्रेक दाबल्यावर नाक खाली जातं ते तुलनेने सावकाश. तेव्हा तेल छिद्रातून निवांत निघून जातं, कोणी अडवत नाही. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटतं तेव्हा नळीचा वेग कितीतरी पट असतो. तेवढं तेल तेवढ्याशा छिद्रातून जाऊच शकत नाही, नळी क्षणभर सळईसारखी ताठ होते आणि हादरा हँडलमध्ये येतो. मऊपणा आणि कडकपणा दोन्ही एकाच छिद्रातून येतात.

जाड ऑइलने खड्डे का वाढले तेही यातून कळतं. ब्रेक लावल्यावर नाक शेवटी किती खाली जाणार हे स्प्रिंग ठरवते, तेल फक्त त्याला थोडा उशीर लावतं. शिवाय जाड तेलात नळी दबल्यावर परत वर येईपर्यंत पुढचा खड्डा आलेला असतो. ती तिथूनच आणखी दबते, मग आणखी. खराब रस्त्यावर पाचसहा खड्ड्यांत गाडी पुढून खाली बसून राहते आणि शेवटच्या खड्ड्यासाठी शॉकअपमध्ये जागाच उरत नाही. कडक केलं म्हणजे सुधारलं ही समजूत आपल्याकडे फार खोल गेली आहे. तिच्यामुळे किती मनगटं दुखत असतील याचा विचार करून मला खरंच वाईट वाटलं.

काकांनी सुरुवात मोजण्यापासून केली. या गाडीच्या पुढच्या चाकाला २०० मिलिमीटर हालचाल आहे. फोर्क पाइपला प्लास्टिकची बारीक पट्टी आवळून बांधली, मुलीला पूर्ण सामानासह, जॅकेट-हेल्मेट घालून बसवलं, दोघांनी गाडी सरळ धरली. नुसत्या बसण्याने नळी ८५ मिलिमीटर दबली. प्रवासी गाडीला साधारण एकतृतीयांश पुरे, म्हणजे ६५ ते ७०. वरून स्पेसर लांब करून हा आकडा आणता येतो, पण त्याने स्प्रिंगचा मूळ कडकपणा बदलत नाही, ती फक्त आधीपासून दाबलेली राहते. इथे स्प्रिंगच बदलायची होती.

नवी स्प्रिंग मापून घ्यायची त्यांची रीत मला फार आवडली. ड्रिल मशीनच्या टेबलावर वजनकाटा, त्यावर स्प्रिंग उभी, वरून मशीनचा दांडा हळूहळू खाली. दर १० मिलिमीटरला काट्यावरचा आकडा वहीत. हात थांबले तेव्हा त्यांनी सांगितलं, "तारेची जाडी डोळ्यांना फसवते. चारऐवजी चार पॉइंट चार मिलिमीटर तार घेतली तर बघणाऱ्याला फरक कळत नाही. कडकपणा मात्र जवळजवळ दीडपट होतो." हिशेब बरोबर आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो.

आणि मग एक व्हॉल्व्ह. कॅलिफोर्नियातल्या रेस टेकचे पॉल थीड यांनी रूढ केलेली ही कल्पना आता इतर कंपन्याही वापरतात. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, जाड चकती. तिला एक बारीक छिद्र आणि एका छोट्या स्प्रिंगने दाबून धरलेलं झाकण. ती डॅम्पिंग रॉडच्या डोक्यावर नुसती बसते, मुख्य स्प्रिंग तिला वरून दाबून ठेवते. रॉडची खालची छिद्रं मोठी करून, सहा छिद्रं ८ मिलिमीटरची, निकामी करायची. आता दबण्याचा सगळा कारभार चकतीकडे. नळी सावकाश दबते तेव्हा झाकण बंद, तेल बारीक छिद्रातून कष्टाने जातं, ब्रेकमध्ये नाक सावरलं जातं. खड्डा आला, दाब वाढला, की झाकण उचललं जातं आणि तेलाला मोकळी वाट मिळते. परतीची चाल मात्र रॉडच्या वरच्या छिद्रांवर आणि तेलाच्या जाडीवरच राहते. म्हणजे झाकणाची स्प्रिंग दबण्यासाठी आणि तेल परतीसाठी. जे दोन स्वभाव एका छिद्रात अडकले होते ते वेगळे झाले. नव्वद वर्षं जुन्या घरात एवढा छोटा पाहुणा येऊन एवढं बदलतो, याचं मला अजून नवल वाटतं.

कागदावर हे सगळं एका दुपारचं काम वाटतं. प्रत्यक्षात पहिली दुपार एका बोल्टने खाल्ली. डॅम्पिंग रॉड बॉटम केसला खालून एका एलन बोल्टने धरलेला असतो. बोल्ट फिरवला की आतला रॉडही त्याच्याबरोबर फिरतो, आणि मग कितीही फिरवा, बोल्ट सुटत नाही. गॅरेजमध्ये हवेच्या गनचा झटका देतात. घरी ती नसते. काकांनी शिसवी दांडक्याला लेथवर निमुळतं टोक काढून ठेवलं आहे. ते वरून नळीत घालून, रॉडच्या तोंडात ठोकून, मुलीने पूर्ण भार देऊन दाबून धरलं. उजवा बोल्ट सुटला. डावा सुटला नाही. त्याच्या षटकोनी खाचेचे कोपरे आधीच कोणीतरी गोल केले होते. काकांनी तिथेच काम थांबवलं. बोल्टचं डोकं ड्रिलने उडवून नवा बोल्ट आणि तांब्याचं नवं वायसर आणल्यावरच पुढे गेले.

मला काळजी वाटते ती या ठिकाणी. हे काम घरी करणारे आता खूप आहेत, बहुतेकांनी ते पडद्यावर पाहिलेलं असतं, आणि पडद्यावर बोल्ट सुटतोच. फोर्कची कॅप स्प्रिंगच्या दाबाखाली असते. शेवटचा आटा सुटताना ती तोंडावर उडू शकते. काका तिच्यावर जाड फडकं आणि तळहात ठेवूनच फिरवतात, डोकं बाजूला. कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळत न ठेवता तारेने टांगतात. चाक बसवल्यावर एक्सल सैल ठेवून गाडी चारसहा वेळा खाली दाबतात, म्हणजे दोन्ही नळ्या आपोआप समांतर येतात, आणि मगच खालचा क्लॅम्प आवळतात. ही पायरी चुकली तर नवे व्हॉल्व्ह असूनही नळ्या एकमेकींना घासत अडकत चालतात आणि माणूस महिनाभर तेलाला दोष देत बसतो.

दुसरी अडचण डाव्या फोर्क पाइपवर होती. कोकणातल्या पावसाळी फेऱ्यांतला चिखल डस्ट सीलमध्ये वाळून बसला होता आणि क्रोमवर गंजाचा एक टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडला होता. नखाला लागेल न लागेल एवढा. नेमका सीलच्या रोजच्या ये-जा करण्याच्या पट्ट्यात. बारीक दगडाने कडा घासून, खड्डा एपॉक्सीने भरून, पुन्हा घासून गुळगुळीत केला. तरी दोन आठवड्यांत फोर्कच्या त्या पायावर तेलाची ओली कडी दिसली. सील बदललं, ओठांवर ग्रीस लावून, पाइपच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी चढवून, म्हणजे धारेने ओठ कापू नये. या वेळी टिकलं आहे. काकांनी तिला स्पष्ट सांगितलं, "अगं, हा पाइप बदलावा लागणार. लडाखहून आलीस की. हे डागडुजीचं काम आहे."

तेलाने तिसरी अडचण केली. डब्यावरचा 'दहा' हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. खरी जाडी ४० अंश सेल्सिअसला सेंटीस्टोक्समध्ये मोजतात आणि एकाचं दहा दुसऱ्याच्या साडेसातच्या जवळ असू शकतं. आधी भरलेल्या तेलाने परतीची चाल अजूनही मंद होती. नळी तळापर्यंत दाबून, स्प्रिंग बाहेर काढून, सिरिंजला जोडलेल्या तांब्याच्या नळीने पातळी पुन्हा दोन्ही पायांत सारखी केली, पातळ तेलाने. त्याच वेळी वाकवलेल्या तारेच्या आकड्याने व्हॉल्व्ह बाहेर काढून त्याची स्प्रिंग अर्धा आटा सैल केली. कारण पानशेतच्या रस्त्यावरच्या तुटक्या कडा गाडी अजून जास्त कळवत होती. प्रत्येक बदलानंतर मुलगी त्याच रस्त्यावर, त्याच सामानासह जाऊन आली आणि पट्टी कुठवर सरकली ते वहीत लिहिलं. घाटात ब्रेक दाबल्यावर पूर्वी जवळजवळ तळ गाठणारी पट्टी आता ३० मिलिमीटर आधी थांबते.

उरला हवेचा प्रश्न. तेलाच्या वर नळीत कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. पुण्यात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर बंद केलेली हवा ५,३५९ मीटरच्या खारदुंग लावर पोचते तेव्हा बाहेरचा दाब निम्म्याच्या आसपास आलेला असतो. ४१ मिलिमीटरच्या पाइपवर त्या फरकाचा हिशेब केला, थंडीने हवा आकसते तेही धरलं, तरी दोन्ही पायांत मिळून आठदहा किलोंचा जादा जोर तयार होतो. शॉकअप ताठ होतात, आणि तो दाब त्याच सीलवर येतो ज्याच्या खाली डाव्या पायात भरलेला खड्डा आहे. म्हणून काकांनी दोन्ही कॅपना ५ मिलिमीटरचे आटे पाडून रबरी रिंगसह छोटे स्क्रू बसवले. लेहमध्ये आणि पुन्हा वर चढल्यावर, इंजिनाखाली दगड लावून पुढचं चाक उचलायचं, स्क्रू अर्धा सैल करायचा, फुस्स आवाज थांबला की आवळायचा. परत खाली उतरल्यावर आत हवा कमी पडते, तेव्हा हेच पुन्हा. मुलीने ते पार्किंगमध्ये हातमोजे घालून करून दाखवलं, कारण वर हातमोजे काढता येतीलच असं नाही. एकदा स्क्रू तिच्या बोटांतून निसटला. काकांनी तसेच चार जादा स्क्रू आणि रिंगा एका डबीत घालून तिच्या टूलकिटमध्ये ठेवल्या आणि डाव्या पायाचं सील, डस्ट सीलसह, आणखी एक जोड घ्यायला तिला बाजारात पाठवलं.