टेलचा जिल्हा : जायकवाडीचा डावा कालवा

पैठणजवळ गोदावरीवर उभ्या असलेल्या जायकवाडी धरणातून दोन कालवे निघतात. उजवा १३२ किलोमीटरवर माजलगावला पोचतो. डावा २०८ किलोमीटर लांबीचा आहे. छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्हे ओलांडून तो पाथरी, मानवत, परभणी या तालुक्यांत उतरतो. धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये केली आणि उद्घाटन इंदिरा गांधी यांनी १९७६ मध्ये. डाव्या कालव्याचे लाभक्षेत्र सुमारे १ लाख ४१ हजार हेक्टर असून त्यातला सर्वांत मोठा वाटा परभणी जिल्ह्याचा आहे. ज्याच्या वाट्याला सर्वाधिक जमीन, त्याच जिल्ह्याला टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, बसावे लागले.

नावा चालवण्याच्या कालव्यात पाणी संथ पडून राहिले तरी काम भागते. शेतीच्या कालव्यात ते वाहतेही राहावे लागते आणि शेतांपेक्षा उंचावरही. म्हणून डाव्या कालव्याला नदीपेक्षा कमी उतार दिलेला आहे. दोघे पैठणहून निघाले की नदी भराभर खाली जाते, कालवा उंची राखून मागे राहतो, आणि मधला पट्टा पंपाशिवाय भिजतो. उंचवट्यावर खोदाई, सखल भागात भराव, ओढा आडवा आला की जलसेतू किंवा खालून मोरी.

खरी अडचण काळ्या मातीची. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते; तिच्यावर सरळ काँक्रीट घातले तर अस्तर उचलले जाते. त्यामुळे मध्ये न फुगणाऱ्या मुरमाचा थर द्यावा लागतो. अस्तर फुटले की गळती वाढते, फटींत झाडोरा रुजतो, गाळ बसतो आणि कालव्याची वहनक्षमता घटते. त्याचा फटका आधी टेललाच बसतो. झिरपलेल्या पाण्याने काही शेते चिबड होतात. काही विहिरींना मात्र तेच पाणी तारते.

पाणी किती आवर्तनांत सोडायचे, हे धरणातला साठा पाहून कालवा सल्लागार समिती ठरवते. शेतकरी पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरतो, वितरिकेवरून चारीला पाणी येते आणि शेजपाळीने एकेका शेताची पाळी लागते. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. पण वरच्या भागात ऊस वाढला, कालव्यावर मोटारी बसल्या, की पाळी लांबते.

महाराष्ट्राच्या २००५ च्या सिंचन कायद्याने वितरण पाणी वापर संस्थांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली: पाणी मोजून संस्थेला द्यायचे, आत वाटप संस्थेने करायचे. टेलच्या गावांसाठी हा बदल सर्वांत मोलाचा, कारण मोजमाप नसेल तर तूट कुठे झाली हेच कळत नाही. धरणात पाणी यावे यासाठीही भांडावे लागले. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचे समन्यायी वाटपाचे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये उचलून धरले. तरी टेलचा शेतकरी निव्वळ पाळीवर विसंबत नाही. आवर्तनात झिरपलेले पाणी तो विहिरीतून उपसतो आणि दोन पाळ्यांमधला खंड त्यावर काढतो.