तो परत येईल ना, मोठी काकू?

डिसेंबर संपत आला की आमच्या गावातल्या इंग्रजी शाळांना नाताळची सुट्टी लागते आणि घरोघरच्या आयांच्या पोटात गोळा येतो. पोरं दिवसभर घरात आणि हातात मोबाईल. तो काढून घ्यायचा तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं. गेल्या वर्षी पुण्याच्या भाचीनं पेन ड्राइव्हवर एक छोटा सिनेमा दिला. म्हणाली, "मावशी, २६ मिनिटांचाच आहे आणि त्यात कुणी बोलतच नाही." मला ते फार बरं वाटलं. आमच्याकडे बघायला बसणार कोण, तर दिराचा सहा वर्षांचा पिंट्या, शेजारची दोघं आणि आमच्या मंडळाच्या रविवारच्या वर्गाला येणारी वस्तीतली पाच-सहा मुलं. भाषेची अडचणच नाही!

सिनेमाचं नाव 'द स्नोमॅन'. इंग्लंडमध्ये चॅनल फोर नावाची वाहिनी १९८२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला तिनं हा दाखवला. खास टीव्हीसाठीच केलेला. पुढे त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं आणि तिकडे नाताळात तो पुन:पुन्हा लागतो. दिसायला अगदी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या चित्रांसारखा.

गोष्ट एवढीशी. एक मुलगा अंगणात बर्फाचा माणूस करतो. कोळशाचे डोळे, संत्र्याचं नाक, डोक्यावर जुनी टोपी. मध्यरात्री तो माणूस जिवंत होतो आणि पोरगा त्याला हळूच घरात आणतो. आईबाबा झोपलेले. पाहुणा शेकोटीला घाबरतो, फ्रीजरच्या गारव्यानं खूश होतो, ग्लासात ठेवलेली कवळी तोंडाला लावून बघतो. कवळीला आमची पोरं इतकी हसली की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. मग दोघं हात धरून आकाशात उडतात. सगळ्या सिनेमात गाणं एकच, ते इथं. दूर उत्तरेला बर्फाच्या माणसांची जत्राच भरलेली असते, तिथं सांताक्लॉज मुलाला एक निळा मफलर देतो. पहाटे घरी परत.

आणि सकाळी? ऊन पडलेलं. मुलगा धावत अंगणात येतो, तर टोपी, संत्रं, कोळसे आणि वितळून उरलेला बर्फाचा ढीग. तो खिशात हात घालतो, तर मफलर तिथंच. म्हणजे स्वप्न नव्हतं. तो गुडघे टेकून बसतो आणि सिनेमा संपतो.

मला शेवट ठाऊक नव्हता. धाकट्या जाऊबाईंना त्यांच्या बहिणीकडून कळलेला होता. त्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "वहिनी, आता बंद करा. पुढचं नको त्याला."

का नको, ते सांगायला हवं. श्रावणात आमच्या सासूबाई गेल्या. पिंट्या त्यांच्याच कुशीत झोपायचा. त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं, आजी देवाघरी गेली, येईल. कुणी आधी म्हटलं ते आठवत नाही, पण मान मीही डोलावली होती. थोड्याच दिवसांनी गणपती आले. विसर्जनाला 'पुढच्या वर्षी लवकर या' असं ओरडून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "आजीपण पुढच्या वर्षी?" मी त्याला पेढा दिला. दिवाळीत त्यानं एक बेसनाचा लाडू डब्यात घालून आजीसाठी कपाटात ठेवला. मुंग्या लागल्यावर तो डबा आम्हाला सापडला.

मैत्रिणींनो, वस्तीत काम करताना मी आयाबायांना नेहमी सांगते, मुलांशी खोटं बोलू नका. बाप वारलेल्या पोराला 'बाबा मुंबईला कामाला गेलेत' असं सांगणाऱ्या एका बाईला तर मी रागावले होते. आणि घरात मात्र पेढा!

मी सिनेमा बंद केला नाही. धीर म्हणा की आगाऊपणा. पडद्यावर नावं येऊ लागली तसं पिंट्यानं मागं वळून विचारलं, "तो परत येईल ना, मोठी काकू? बाप्पासारखा?"

"नाही रे. हा नाही येत परत."

"आजी?"

"आजीपण नाही."

वस्तीतली एक मुलगी मध्येच म्हणाली, "माझा बाबापण नाही येत." अगदी साध्या आवाजात. पिंट्या तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्या मांडीत तोंड खुपसून खूप रडला. जाऊबाई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. त्यांचंही खरंच होतं. सणासुदीला पोराला रडवायचं कशाला? आणि आई त्या, मी नव्हे.

त्या दोन दिवसांत मी भाचीला फोन करून मूळ पुस्तकाची माहिती काढायला लावली. रेमंड ब्रिग्ज या चित्रकारानं ते १९७८ मध्ये काढलं, तेही बिनशब्दांचं. त्यात नाताळ नाही, सांताक्लॉज नाही, मफलरची भेटही नाही. ते सगळं सिनेमावाल्यांनी घातलं. बर्फ वितळतो, ते मात्र पुस्तकातच आहे. ब्रिग्जचे आईवडील १९७१ या एकाच वर्षात गेले आणि दोन वर्षांनी बायको. सगळंच जातं, त्यात उदास होण्यासारखं काही नाही, असं तो मुलाखतीत सांगायचा. २०२२ मध्ये तोही गेला. सांताक्लॉजचं ठिगळ त्याला फारसं रुचलं नव्हतं म्हणे. मला विचाराल तर सांता नसता तरी चाललं असतं, पण खिशातला मफलर हवाच होता. सहा वर्षांच्या पोराला हातात धरायला काहीतरी लागतं.

कारण तिसऱ्या दिवशी पिंट्यानं आजीची चंची मागितली. सासूबाईंची पानाची, कापडी, कात-लवंगांच्या वासाची. कपाटातून काढून दिली. त्यानं ती दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात ठेवली. आजी कधी येणार, हे त्यानं त्यानंतर विचारलेलं नाही. आजी लहानपणी कशी होती, हे मात्र सारखं विचारतो आणि आम्हाला कुणालाच नीट सांगता येत नाही.

परवा जाऊबाईंनी दप्तर धुवायला काढलं. चंची बाजूला ठेवली, दप्तर वाळल्यावर पुन्हा त्याच कप्प्यात घातली. मला काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.