निवडक बहिरेपणाचें एरियल

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरला, गणपतीचें विसर्जन आटोपून गांवें निजलीं असतां, पहांटे चारच्या सुमारास लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील भूमि हादरली. सास्तूरसारख्या गांवांतून मातींत रचलेल्या दगडी भिंतींचीं व जड माळवदांचीं घरें होतीं. ज्या जाडीनें उन्हाळ्यांत गारवा दिला, तीच त्या पहांटे अंगावर आली. सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. अशा ढिगाऱ्यापाशीं उभ्या राहिलेल्या माणसापुढें पहिला प्रश्न हाच असतो कीं, खणावें कोठें? हांक मारून कानोसा घ्यावा, तर बेशुद्ध माणूस ओ देत नाहीं.

त्याचा श्वास मात्र चालू असतो, आणि श्वासागणिक छाती कांहीं मिलिमीटर तरी हालते. ही हालचाल रेडिओलहरींनीं टिपतां येते. २०१५ च्या नेपाळांतील भूकंपानंतर अमेरिकेच्या नासा संस्थेंत सिद्ध झालेल्या सूक्ष्मलहरींच्या यंत्रानें ढिगाऱ्याखालील चौघांचा ठाव अशाच तत्त्वावर लावला. याच कामाचीं निराळ्या जातीचीं यंत्रें अतिरुंद पट्ट्याचीं असतात. तीं सेकंदाच्या अब्जांशाइतकाच, किंवा त्याहूनही अल्प काळ टिकणारा स्पंद सोडतात. बांसरीच्या एका सुरांत एकच कंपनसंख्या प्रधान असते; टाळीच्या आवाजांत नाना कंपनसंख्यांची गर्दी असते. स्पंद जितका आंखूड, तितकी ही गर्दी मोठी. पट्टा २ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास दोन अब्ज कंपनांइतका रुंद असला, तर हवेंत ७.५ सेंटिमीटर अंतरावरील दोन वस्तूंचे प्रतिध्वनि वेगळे ओळखूं येतात. दगडाचा प्रतिध्वनि जागचा हालत नाहीं. जो मिनिटांतून पंधरा-वीस वेळां मागेंपुढें सरतो, तेथें कुदळ जपून चालवावी!

परंतु इतक्या रुंद पट्ट्यावर ऐकणाऱ्या यंत्राला सगळ्यांचेंच बोलणें ऐकूं येतें. ओली माती उच्च कंपनसंख्या फार शोषते. म्हणून ढिगाऱ्यासाठीं पट्ट्याचा खालचा भाग अधिक उपयोगी, आणि नेमके तेथेंच, ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास, मोबाइल फोन बोलत असतात. मदतीस धांवलेल्या प्रत्येकाच्या खिशांत एक असतो. चार हातांवरील फोनपुढें खोलांतील छातीचा प्रतिध्वनि म्हणजे नगाऱ्यापुढें टिमकी. तेव्हां यंत्राचें एरियल, ज्यास अँटेनाही म्हणतात, बाकी सर्वत्र तीक्ष्ण कानाचें, पण तेवढ्या एका जागीं बहिरें असावें लागतें.

उपाय दिसावयास क्षुल्लक आहे. असलें एरियल म्हणजे बहुधा एका पातळ फळीवर बसविलेला तांब्याचा पापुद्रा. त्यांत इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची अरुंद फट कोरतात. इतर कंपनसंख्यांचा विद्युत्प्रवाह फटीला वळसा घालून आपल्या वाटेनें जातो. ज्या लहरीची अर्धी लांबी फटीच्या लांबीइतकी भरते, तिचा प्रवाह मात्र फटीच्या दोन कांठांशीं परस्परविरुद्ध दिशांनीं वाहूं लागतो. एका कांठाचें कार्य दुसरा पुसून टाकतो, आणि ती लहर आंत न शिरतां माघारी फिरते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची हवेंतील अर्धी लांबी सुमारें १६.७ सेंटिमीटर, फळीच्या द्रव्यामुळें ती आखडून साधारण १० सेंटिमीटर होते. घरांतील वाय-फायच्या ५.५ गिगाहर्ट्झसाठीं तशाच फळीवर १७ मिलिमीटरांहूनही थोडी आंखूड फट पुरते.

महाराष्ट्रांत या अडचणीचें फार मोठें उदाहरण पुणें जिल्ह्यांतील खोडद येथें आहे. तेथील ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या दुर्बिणीचा एका वेळीं ऐकण्याचा पट्टा २०१९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या नूतनीकरणांत ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झवर गेला, आणि त्याबरोबर मानवी प्रक्षेपणांचा कोलाहलही वाढला. तेथें नको असलेले पट्टे गाळण्यासाठीं ग्राहकयंत्रांत गाळण्या बसविल्या आहेत. हातीं धरावयाच्या यंत्रांत वेगळ्या गाळणीचें वजन व तिच्यांत होणारा लहरींचा ऱ्हास परवडत नाहीं. म्हणून गाळण्याचें काम एरियलच्या अंगींच मुरवितात.

याची किंमत द्यावी लागतेच. फट ही लहानशी घंटाच म्हणावी. स्पंद येऊन गेल्यावरही ती क्षणभर घुमत राहते, आणि त्या घुमण्यांत मागाहून येणारा दुर्बळ प्रतिध्वनि झांकला जाऊं शकतो. वर्ज्य पट्टा जितका अरुंद, तितकें घुमणें लांब. तो रुंद करावा, तर फोनाबरोबर उपयोगाचीं कंपनेंही जातात. शोधनिबंधांतून तीन-तीन, चार-चार वर्ज्य पट्ट्यांचीं एरियलें मोठ्या हौसेनें मिरविलीं जातात. ढिगाऱ्यावरील कामाला योग्य जागीं कोरलेली एकच फट बरी.

ही योग्य जागा टिकवितांना मातीशीं गांठ पडते. ओली माती अगदीं जवळ आली कीं, फटीची कंपनसंख्या खालीं घसरते आणि अडविलेला फोन पुन्हा मोकळा होतो. सप्टेंबर हा मराठवाड्यांत पावसाचाच महिना. म्हणून फट हिशेबापेक्षां किंचित् आंखूड कोरावी लागते, एरियल आणि ढिगारा यांच्यामध्यें हलक्या, कोरड्या द्रव्याचा थर ठेवावा लागतो, आणि प्रयोगशाळेंतल्या मोकळ्या हवेंत उतरलेलें एरियल पुन्हा भिजलेल्या मातीच्या थरावर ठेवून तपासावें लागतें.