गावाला जाताना: घरी सांभाळणारा माणूस की बोर्डिंग?

एप्रिल संपत आला की, आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर, आमच्या दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, आम्ही आठ दिवस बाहेर चाललोय. याला बोर्डिंगला ठेवू, की घरी येणारं कुणी बघू?" हे विचारलं जातं तेव्हा तिकिटं काढून झालेली असतात, हॉटेल ठरलेलं असतं आणि निघायला जेमतेम चार दिवस उरलेले असतात. आज आम्ही दोघं या एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. आम्ही दोघंही पशुवैद्य. आमचं स्वतःचं बोर्डिंग नाही, त्यामुळे जाहिरात करायला आलेलो नाही, हे आधीच सांगतो.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडायचा नाही. वाड्यात, गावच्या घरात कुणी ना कुणी मागे असायचंच. कुत्रं अंगणात, आणि मांजर तर सगळ्या आळीचं. आता तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचं बंद घर, तीन-चार माणसं, आणि ती सगळी एकदमच निघतात. दार लावलं की आतल्या जनावराला स्वतःचं पोट भरायचा दुसरा मार्गच नसतो. वाडग्यात दोन-तीन दिवसांचं खाणं ओतून आणि बाथरूमचा नळ बारीक सोडून जाणारे लोक आम्हाला आजही भेटतात. जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा परिस्थितीत त्याला सोडून जाणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण कायद्याचं जाऊ द्या, त्या नळाने बाथरूमचं दार आपटून बंद झालं तर काय, एवढा जरी विचार केला तरी पुरे.

तर, घरी माणूस की बोर्डिंग? तुम्ही कुठे आणि किती दिवस जाताय, हे आम्ही नंतर विचारतो. आधी विचारतो की मागे राहतंय कोण. कारण उत्तर तिथेच असतं.

मांजरापासून सुरुवात करू, कारण तिथे आमचं मत पक्कं आहे. मांजर घराशी बांधलेलं असतं. त्याची कपाटावरची जागा, त्याचा मातीचा ट्रे, त्याचे वास, हे सगळं त्याच्या दृष्टीने एकच. तुम्ही गेलात तर त्याला वाईट वाटेल, पण घर गेलं तर त्याच्या पायाखालची जमीन जाते. अनोळखी जागेत, शेजारच्या पिंजऱ्यात कुत्री भुंकताहेत, अशा ठिकाणी ठेवलेलं मांजर बऱ्याचदा जेवणच सोडतं. आणि मांजराचा उपास हा आपल्या चतुर्थीसारखा नसतो बरं का. विशेषतः गुबगुबीत मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते, कावीळ होते आणि त्यातून त्याला परत आणणं अवघड जातं. जाड मांजराच्या मालकाला "दोन दिवस नाही खाल्लं तर बारीक होईल" असं वाटतं. नेमकं त्याच मांजराला धोका जास्त.

दुसरी गोष्ट बोक्यांची. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्यांमध्ये मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे लघवी तुंबू शकते. ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि माती कोरडीच आहे, असं दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. एक-दोन दिवस वाट पाहिली तर बोका दगावतो. म्हणून मांजराला सांभाळायला येणाऱ्या माणसाचं खरं काम खाणं घालण्याइतकंच ट्रे बघण्याचं आहे. किती गोळे झाले, हे त्याने रोज तुम्हाला कळवायला हवं. "मांजर दिसलं नाही, पण ताट रिकामं होतं" हा निरोप आम्ही पुरेसा मानत नाही. मांजर डोळ्यांनी दिसलंच पाहिजे, मग ते पलंगाखाली का असेना. दिवसातून दोनदा येणारा, न घाबरणारा, दार उघडताना पायाशी बघणारा माणूस मिळाला, तर मांजराला घरीच ठेवा. गॅलरीला जाळी नसेल तर ती खोली बंद करून जा. एक दिवस जेवलं नाही तर फोन आणि दोन दिवस जेवलं नाही तर दवाखाना, एवढं कागदावर लिहून फ्रिजला लावा.

कुत्र्याचं गणित वेगळं आहे. कुत्रा माणसाशी बांधलेला असतो, असं ढोबळपणे म्हणता येईल. त्यामुळे "घरीच राहील, आपल्या जागेत राहील" हे वाक्य मांजराला जसं लागू पडतं तसं कुत्र्याला पडत नाही. इथे एक हिशेब करून बघा. पेट सिटर सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास येतो. म्हणजे चोवीस तासांपैकी साडेबावीस तास कुत्रा एकटा. त्यात रात्र पूर्ण एकट्याची. ज्या कुत्र्याला आजवर घरात कायम आजी-आजोबांची सोबत होती, त्याच्यासाठी ही साडेबावीस तासांची कैदच आहे. मग दार ओरबाडणं, सोफा फाडणं, सोसायटीतून तक्रारी. तुम्ही म्हणाल, घरीच तर आहे. घर आहे, पण घरातलं कुणी नाही.

म्हणून कुत्र्याच्या बाबतीत "पेट सिटर" हा शब्द ऐकला की आम्ही विचारतो, रात्री कोण झोपणार? तुमच्या घरी मुक्कामाला राहणारा, कुत्र्याच्या ओळखीचा माणूस असेल तर त्याच्यासारखं उत्तम काही नाही. म्हातारा कुत्रा, कमी दिसणारा, संधिवाताचा, दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणारा, अशांना जागा बदलू नये आणि त्यांच्यासाठी असा माणूस शोधण्यावर खर्च करावा. पण तसा माणूस नसेल, कुत्रा तरुण, निरोगी आणि इतर कुत्र्यांत रमणारा असेल, तर चांगलं बोर्डिंग हे दोन वेळच्या चकरांपेक्षा नक्कीच बरं. घरात जनावरं जास्त असतील तर पैशाचं पारडंही फिरतं. बोर्डिंगचे पैसे जनावरामागे लागतात, घरी येणारा सहसा चकरेमागे घेतो.

आता चांगलं बोर्डिंग कसं ओळखायचं? चित्रं, झुले, छोटा तलाव, वाढदिवसाचे केक यांवर जाऊ नका. आमची कसोटी साधी आहे: ते तुम्हाला लसीकरणाचं पुस्तक मागतात का? मागत नसतील तर ते कुणालाच मागत नाहीत, म्हणजे तुमच्या कुत्र्याच्या शेजारी कोण बांधलंय हे त्यांनाही माहीत नाही. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. म्हणून ज्या पिल्लाचा सोळा आठवड्यांच्या वयातला शेवटचा डोस झालेला नाही, त्याला कुठेही ठेवायला पाठवू नका. रेबीज, नेहमीची एकत्रित लस आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची लस, या तारखेत बसलेल्या हव्यात. लेप्टोची लस पहिल्यांदाच देत असू तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. निघायला चार दिवस असताना आमच्याकडे आलात तर आम्ही सुई टोचू शकतो, पण शरीराला तयार व्हायला लागणारा वेळ देऊ शकत नाही. सहलीची तिकिटं काढाल त्याच आठवड्यात ते पुस्तक उघडून बघा.

गोचिडांचंही तसंच. आपल्याकडे गोचीडतापाचे रुग्ण वर्षभर येतात आणि शेतातल्या, मोकळ्या बोर्डिंगमध्ये गवत असतंच. जाण्याआधी गोचिडांवरचं औषध द्या. कुत्री माजावर असेल तर त्या काळात बोर्डिंग नकोच. आणि बोर्डिंगवाल्यालाही विचारा, रात्री इथे कोण राहतं? "सीसीटीव्ही आहे" हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

एकदा तरी आधी एक रात्र ठेवून बघा. आमच्या पाहण्यात पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत जड जातात. एका रात्रीत कुत्रा जेवला का, झोपला का, घ्यायला गेलात तेव्हा त्या माणसाकडे कसा बघतो, हे कळतं. फोटोंवरून ते कळत नाही.

आणि आता ज्याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही ते. एका रात्री साडेअकराला आमच्याकडे एक जर्मन शेफर्ड आला. पोट ढोलासारखं फुगलेलं, नुसते उमासे, उलटी होत नव्हती. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून स्वतःभोवती पिळलं जातं. अशा वेळी काही तासांत शस्त्रक्रिया लागते. सांभाळणारा मुलगा शहाणा होता, त्याने अजिबात वेळ घालवला नव्हता. पण मालक विमानात, फोन बंद. खर्च मोठा, भूल द्यायची तर जिवाला धोका, आणि "करा" म्हणायचा अधिकार त्या मुलाकडे नव्हता. नळी घालून, सलाईन लावून आम्ही कुत्र्याला धरून ठेवलं आणि तो मुलगा मालकाच्या नातेवाइकांचे नंबर शोधत बसला. मालकाचा भाऊ लागला तेव्हा दीड तास गेला होता. कुत्रा वाचला, पण प्लीहा काढावी लागली.

तो दीड तास एका चिठ्ठीने वाचला असता. जनावराचं नाव, वय, आजार, औषधं. तुमच्या पशुवैद्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर. तुम्ही न लागल्यास निर्णय कोण घेईल त्याचं नाव. आणि "इतक्या रुपयांपर्यंतच्या उपचाराला माझी संमती आहे" हे एक वाक्य, खाली सही. एक प्रत सांभाळणाऱ्याकडे, एक दवाखान्यात. माणूस घरी येणार असो की बोर्डिंग असो, ही चिठ्ठी दोन्हीकडे लागते.

दिवाळीबद्दल मात्र आमचा सल्ला थोडा बदलतो. फटाक्यांना घाबरणारा कुत्रा भर शहरात, रात्री एकटा, हे आम्हाला कुठल्याच परिस्थितीत मान्य नाही. दार उघडताच सुटून पळालेली आणि रस्त्यावर गाडीखाली आलेली कुत्री त्या चार दिवसांत दवाखान्यात येतात. एरवी घरीच बरा असणारा कुत्राही त्या दिवसांपुरता शहराबाहेरच्या शांत जागी ठेवलेला चांगला, पण ती जागा दिवाळीला खरंच शांत असते का, हे मागच्या वर्षी तिथे ठेवलेल्यांना विचारून घ्या. मायक्रोचिप नसेल तर निदान पट्ट्यावर फोन नंबर हवा, आणि तो नंबर गावात असलेल्या माणसाचा हवा. तुमचा फोन परदेशात बंद असेल तर उपयोग काय?

परत आल्यावर कुत्रा दोन दिवस नुसता झोपला तर घाबरू नका, दमलेला असतो. पण पुढच्या दोन आठवड्यांत घशात काहीतरी अडकल्यासारखा कोरडा खोकला सुरू झाला, तर तो बहुधा बोर्डिंगमध्ये लागलेला केनेल कफ असतो. तो बहुतेकांचा आपोआप बरा होतो, पण तोवर सोसायटीतल्या इतर कुत्र्यांपासून त्याला लांब ठेवा आणि बोर्डिंगवाल्याला फोन करून सांगा, म्हणजे तो बाकीच्या मालकांना कळवू शकेल. खोकल्याबरोबर ताप असेल, जेवण सुटलं असेल, तर वाट न बघता घेऊन या.