परदेशात शिकणाऱ्या मुलांचे ‘स्टेटस’ : घरच्यांनीही समजून घ्यावे असे काही

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलीला फोन लावला की आम्हा दोघांचे प्रश्न ठरलेले असायचे. जेवलीस का, थंडी किती आहे, नमाज होते ना. ‘या सेमिस्टरला तुझे क्रेडिट किती आहेत?’ हा प्रश्न आम्हाला कधी सुचलाच नाही. आज वाटते, तोही पहिल्या दिवसापासून विचारायला हवा होता.

आम्ही खेड तालुक्यातले. आमच्या घरातल्या पुरुषांच्या दोन पिढ्या आखातात गेल्या. त्यामुळे व्हिसा, इकामा, कफील, खुरूज हे शब्द आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक. इकामा संपला किंवा कफिलाला सोडून माणूस दुसरीकडे कामाला लागला, की तो ‘खल्ली-वल्ली’ झाला म्हणतात. मग पोलीस दिसला की गल्ली बदलायची, आजारी पडले तरी दवाखान्यात जायला घाबरायचे. हे हाल आम्ही जवळून पाहिलेले आहेत. तरीही मुलीच्या विद्यार्थी व्हिसाच्या बाबतीत आम्ही गाफील राहिलो. मुंबईच्या वकिलातीने पासपोर्टवर पाच वर्षांचा शिक्का मारला आणि आम्हाला वाटले, पाच वर्षांची चिंता मिटली.

ही समजूत चुकीची होती. ती किती महागात पडू शकते, हे आम्हाला दोनदा कळले. आपल्या समाजातली मुले-मुली आता मोठ्या संख्येने बाहेर शिकायला जात आहेत, म्हणून हा अनुभव इथे मांडत आहोत.

व्हिसा वेगळा, स्टेटस वेगळे

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या बहुतेक मुलांना ‘एफ-१’ व्हिसा मिळतो. हा व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारात जाऊन उभे राहण्याची परवानगी. आत गेल्यावर तिथे राहण्याचा हक्क टिकतो तो ‘स्टेटस’वर. हे स्टेटस विद्यापीठाने दिलेल्या ‘आय-२०’ या कागदावर आणि विमानतळावर होणाऱ्या ‘आय-९४’ या नोंदीवर उभे असते. प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती ‘सेव्हिस’ नावाच्या सरकारी संगणक यंत्रणेत असते. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसातला ‘डीएसओ’ हा अधिकारी तिथल्या नोंदी ठेवतो.

याचा अर्थ असा की, शिकता शिकता पासपोर्टवरचा व्हिसा संपला आणि मुलगा देशातच असला, तर बिघडत नाही. स्टेटस शाबूत असेल तर तो शिक्षण पूर्ण करू शकतो. बाहेर जाऊन परत यायचे असेल तेव्हा मात्र नवा व्हिसा लागतो. उलट, शिक्क्याची चार वर्षे बाकी असली आणि स्टेटस गेले, तर त्या शिक्क्याचा तिथे राहण्यासाठी काही उपयोग नाही. आखाताच्या भाषेत सांगायचे तर आय-२० हा विद्यार्थ्याचा इकामा आहे.

एक विषय सोडण्याची गोष्ट

आमची थोरली २०२३ च्या ऑगस्टमध्ये संख्याशास्त्रात एम.एस. करायला गेली. तिच्या अम्मीचे दागिने मोडले, मामूंकडून कर्जे-हसना घेतले, उरलेले अब्बांच्या बचतीतून भरले. बँकेच्या व्याजात पडायचे नव्हते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना व्याजात सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजनाही २०२२-२३ पासून बंद झालेली. म्हणजे जे होते ते सगळे पणाला लावलेले.

ऑक्टोबरमध्ये तिचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. विद्यापीठाचा विमा होता म्हणून खर्चाने कंबर मोडली नाही. पण तीन आठवडे वर्ग बुडाले. तीनपैकी एका विषयात ती फार मागे पडली. एका सकाळी आम्ही न्याहारीला बसलो असताना तिचा फोन आला. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते. म्हणाली, “अब्बा, हा एक विषय सोडते. नापास होण्यापेक्षा बरं.” आम्ही म्हणालो, “सोड बेटा, तब्येत आधी.” आमच्या दृष्टीने विषय संपला.

तिच्या खोलीत राहणाऱ्या हैदराबादच्या मुलीने मात्र तिचा लॅपटॉप बंद केला. म्हणाली, “सकाळी आधी इंटरनॅशनल ऑफिसला जा. तोवर काही दाबू नकोस.”

नियम असा आहे. एफ-१ विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात पूर्ण अभ्यासक्रम घ्यायलाच हवा. पदवीसाठी हे किमान १२ क्रेडिट असतात, एम.एस.सारख्या शिक्षणासाठी विद्यापीठ ठरवते, बऱ्याच ठिकाणी ९. त्यातही ऑनलाइन विषय एकच, फार तर ३ क्रेडिटचा धरला जातो. आमच्या मुलीचे ९ क्रेडिट होते. एक विषय सोडला असता तर ६ उरले असते. विद्यापीठाचे पोर्टल अडवत नाही, बटण दाबले की विषय गळतो. पण डीएसओची परवानगी न घेता तसे केले की स्टेटस मोडते, आणि ती माहिती सेव्हिसमध्ये कळवणे विद्यापीठाला बंधनकारक असते.

आजारपणासाठी कमी विषय घेण्याची सोय नियमातच आहे. डॉक्टरांचे पत्र लागते आणि परवानगी विषय सोडण्याच्या आधी मिळवावी लागते. अशी सवलत एका पदवीच्या काळात सगळी मिळून १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते. नव्या मुलांना इंग्रजी वाचनाची किंवा तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सुरुवातीला अडचण आली, तरी एकदा सवलत मिळू शकते. शेवटच्या सत्रात उरलेच कमी विषय असतील, तर तेव्हाही मिळते. आमच्या मुलीने दुसऱ्या दिवशी सर्जनचे पत्र नेले. दोन दिवसांत परवानगीची नोंद झालेला नवा आय-२० हातात आला. मग तिने तो विषय सोडला.

काम तेच, बटण तेच. फरक फक्त आधी विचारण्याचा.

दुसरी वेळ : चूक आमची होती

२०२४ च्या जानेवारीत अब्बांची आखातातली नोकरी गेली. मुलीचे पुढच्या सत्राचे पैसे भरले होते, पण खोलीचे भाडे आणि जेवणखाण कसे भागवायचे हा प्रश्न उभा राहिला. तिच्या शहरात आपल्याच भागातले एक गृहस्थ किराणा आणि हलाल मटणाचे दुकान चालवतात. भला माणूस. त्यांनीच सांगितले, “शनिवार-रविवार मुलीला गल्ल्यावर बसू दे. रोख देईन, कागदाची भानगड नको.”

मुलगी तयार नव्हती. आम्हीच तिला म्हणालो, “आपलीच माणसं आहेत, चोरी थोडीच करतेस?” हे लिहिताना शरम वाटते, पण लिहिले पाहिजे.

तिने आम्हाला शांतपणे समजावले. एफ-१ विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवारात काम करता येते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, सुट्टीत पूर्ण वेळ. आवाराबाहेर पहिल्या शैक्षणिक वर्षात सहसा काम करताच येत नाही. नंतरही लेखी परवानगी लागते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम असेल तर ‘सीपीटी’ आणि ती डीएसओ देतो. घरची परिस्थिती अचानक बिघडली, तर एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर डीएसओच्या शिफारशीने इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करता येतो. रोखीने, मित्राच्या दुकानात, ‘मदत’ म्हणून मोबदला घेऊन केलेले काम हे विनापरवाना कामच असते.

आणि ही चूक इतरांपेक्षा जड आहे. स्टेटस दुसऱ्या कारणाने मोडले असेल, तर ‘रिइन्स्टेटमेंट’चा अर्ज करता येतो. तो साधारणपणे पाच महिन्यांच्या आत करावा लागतो आणि आपल्या हाताबाहेरचे कारण दाखवावे लागते. विनापरवाना काम केलेले असेल तर तो मार्गही बंद होतो.

शेवटी ती म्हणाली, “अब्बा, दुकानातलं मटण हलाल आहे, पण माझी ती कमाई हलाल होईल का? व्हिसा घेताना मी नियम पाळीन म्हणून सही केली आहे.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दिलेला करार पाळा, ही ताकीद सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. लहानपणी ती आम्हीच तिच्याकडून पाठ करून घेतली होती.

दोन महिने ओढाताण झाली. मामूंनी परतफेडीची मुदत वाढवली, अम्मीने शिवणकाम घेतले. मार्चमध्ये मुलीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आठवड्याला १५ तासांचे काम मिळाले. त्यावर तिचे जेवणखाण निघू लागले.

नावाला विद्यापीठ

‘वर्गात यायची गरज नाही, पहिल्या दिवसापासून काम करा’ असे सांगणारे एजंट आपल्याकडेही फिरतात. त्यांच्यासाठी दोन घटना लक्षात ठेवाव्यात.

२०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर छापा पडला. तिथले बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते. त्यातल्या काहींच्या पायात हालचालींवर नजर ठेवणारे रेडिओ टॅग बसवले गेले. २०१९ च्या जानेवारीत मिशिगनमधल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’चे प्रकरण बाहेर आले. हे विद्यापीठ अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानेच सापळा म्हणून उभे केले होते. तिथे ना शिक्षक होते, ना वर्ग. पहिल्या धरपकडीत सापडलेल्या सुमारे १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. कित्येकांच्या आईबापांनी आमच्यासारखेच दागिने मोडले असतील.

विद्यापीठ सरकारमान्य यादीत असणे पुरेसे नाही. तिथे खरोखर शिकवले जाते का, हे तिथे शिकलेल्या मुलांना विचारून घ्यावे.

नियम पाळूनही चिंता

२०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद करण्यात आल्या. अनेकांच्या बाबतीत वाहतुकीच्या किरकोळ प्रकरणासारखे जुने पोलीस रेकॉर्ड, तेही मिटलेले, एवढेच कारण दिसत होते. मुले न्यायालयात गेली आणि एप्रिलअखेर सरकारने नोंदी पुन्हा सुरू करत असल्याचे सांगितले. आमच्या मुलीचे ते शेवटचे सत्र होते. तिची नोंद सुरक्षित राहिली, पण त्या महिन्यात आमच्या घरात कुणाला नीट झोप लागली नाही.

त्याच वर्षी जूनपासून व्हिसा अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगण्यात आले. ऑगस्टमध्ये सरकारने आणखी एक प्रस्ताव मांडला : शिक्षण संपेपर्यंत राहू देण्याऐवजी ठरावीक मुदत, फार तर चार वर्षे द्यायची. म्हणून नियम आपण मागे ऐकला तसाच आहे असे धरून चालू नये. आय-९४ वर प्रत्यक्ष काय लिहिले आहे ते पाहावे आणि शंका आली की डीएसओला विचारावे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘एका भाईने सांगितले’वर विसंबू नये. पोलिसांचे प्रकरण कितीही छोटे असले, तरी इमिग्रेशनचे काम जाणणाऱ्या वकिलाला गाठावे.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

● सत्राच्या मध्ये मुलाला निकाहासाठी बोलावू नका. तारीख सुट्टी पाहून ठरवा. येण्याआधी आय-२० वर डीएसओची प्रवासाची सही आहे का ते विचारा. शिकत असताना ती एक वर्ष चालते. पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा. पाच महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिले तर स्टेटस संपू शकते.

● खोली बदलली की १० दिवसांच्या आत नवा पत्ता विद्यापीठाला कळवावा लागतो. आपली मुले स्वस्त खोलीसाठी वरचेवर घर बदलतात आणि नेमके हेच विसरतात.

● आय-२० वरची शेवटची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. शिक्षण लांबणार असेल, तर मुदतवाढ त्या तारखेच्या आधीच घ्यावी लागते.

● एक पैसा कमावला नसला तरी दर वर्षी ‘फॉर्म ८८४३’ भरावा लागतो. कमाई असेल तर कराचे विवरणपत्रही.

● शिक्षण पूर्ण झाल्यावर ६० दिवस मिळतात. परवानगी घेऊन मध्येच शिक्षण सोडले तर १५. परवानगीशिवाय सोडले तर एकही नाही.

● शिक्षणानंतर १२ महिने काम करण्याच्या परवानगीला ‘ओपीटी’ म्हणतात. तिचा अर्ज शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. विज्ञान, गणित, तंत्रज्ञान अशा विषयांना पुढे २४ महिने वाढवून मिळू शकतात. पहिल्या १२ महिन्यांत बेकारीचे दिवस ९० पेक्षा जास्त होऊ देता येत नाहीत.

● प्रत्येक आय-२०, परवानगीचे पत्र आणि पगाराची पावती यांची एक प्रत घरी ठेवा. आमच्याकडे ती फाईल कपाटात, जमिनीच्या सातबाऱ्याशेजारी आहे.

मुलीला २०२५ च्या मे महिन्यात पदवी मिळाली. ओपीटी सुरू झाल्यावर ५२ व्या दिवशी नोकरी लागली. ते ५२ दिवस अम्मीने तसबीहच्या मण्यांसारखे मोजले. पहिल्या पगारातून तिने मामूंचा पहिला हप्ता पाठवला.

आता धाकटा जर्मनीला जायचे म्हणतो आहे. तिथले नियम वेगळे, कागद वेगळे. या वेळी मात्र तिकिटाआधी आम्ही तिघेही ते नियम वाचायला बसलो आहोत. मुलांसाठी दुआ करावीच, पण त्यांना चुकीच्या कामाला लावणारे आपणच ठरू नये, एवढे भान आम्हाला आता आले आहे. अल्लाह सर्वांच्या मुलांना इल्मही देवो आणि सुखरूप घरीही आणो. आमीन.