गोधडीआडचा आवाज

आमच्या आत्याला जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत आहेत, आणि त्या तिच्याच आवाजात जतन व्हाव्यात, पुढेमागे एखाद्या नभोवाणी केंद्राकडे सुपूर्द करता याव्यात, या एकाच हेतूने कामठीतील आमच्या जुन्या घराच्या मागल्या खोलीत ध्वनिमुद्रणाचा कक्ष उभारण्याची तजवीज मी केली. मायक्रोफोन, हेडफोन, संगणक असा सरंजाम जमला. परंतु पहिल्याच दिवशी आत्याचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा उमटला.

दोष यंत्राचा नव्हता, खोलीचा होता. ध्वनी सेकंदाला सुमारे अकराशे फूट धावतो. म्हणजे दहा फुटी खोलीत गुळगुळीत गिलाव्यावर आणि शहाबादी फरशीवर आपटत तो एका सेकंदात पन्नासावर येरझारा घालतो. समोर बसलेल्याचे कान हा निनाद सहज वगळतात. मायक्रोफोनला मात्र तो विवेक नाही. 1895 च्या सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे अशाच एका सदोष व्याख्यानगृहाचे काम आले, जेथे उच्चारलेला शब्द विरायला साडेपाच सेकंद लागत. शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून, त्या मांडल्यावर निनाद किती घटतो हे घड्याळ लावून त्याने मोजले, आणि त्यातून ध्वनिशोषणाचे गणित जगाला मिळाले.

त्या गाद्यांचे काम आमच्याकडे गोधड्यांनी केले. आत्यानेच जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेल्या त्या गोधड्या बांबूवर टाकून भिंतीपासून वीतभर पुढे टांगल्या, कारण भिंतीला अगदी चिकटलेल्या कापडापेक्षा मागे हवेची पोकळी असलेले कापड अधिक ध्वनी शोषते. तरीही गोधडी निनाद शोषते, बाहेरचा आवाज अडवीत नाही. तो अडवायला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवणाऱ्यांचा पैसा आणि श्रम मला यासाठीच व्यर्थ वाटतात. आम्ही खिडकीला दुसरी जाड फळी बसविली, दाराच्या कडांना रबराची पट्टी लावली आणि मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणला.

येथवर घरमालकाची सत्ता चालते. प्रक्षेपणाला मात्र सरकारी परवाना अनिवार्य आहे. सामुदायिक नभोवाणीची मुभा 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना मिळाली; ती व्यक्तीला नाही. परवान्याविना प्रक्षेपण करण्याचे धैर्य उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1942 च्या आंदोलनात दाखविले. पोलिसांना चुकवीत मुंबईत जागा बदलत त्यांनी काँग्रेस रेडिओ चालविला, आणि 12 नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या. त्यांच्यासाठी बंद खोली हा आडोसा होता. आमच्यासाठी ती केवळ शांततेची सोय आहे.

आणि ती शांतता कामठीत सहज लाभत नाही. इंग्रजांनी छावणी म्हणून वसविलेल्या या गावातून नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग जातो, आणि मालगाडीचा घरघराट फळी, रबर, गोधडी यांपैकी कशालाही जुमानत नाही. म्हणून आम्ही रात्री अकरानंतर बसतो. पंखा बंद असतो. आत्या डोळे मिटून पहिला शब्द ओठांवर आणते, तोच दूर भोंगा वाजतो; ती हात वर करून म्हणते, "थांब बाप्पा, गाडी जाऊ दे." गाडी कन्हान नदीचा पूल ओलांडून जाते, फरशीतली थरथर निमते, आणि मग आत्या खाकरून गळा मोकळा करते.